थोरलीच्या नावावर काय काय आहे, ते एकदा कागदावर लिहा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या थोरल्या मुलींचे आईवडील,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायला तुम्ही आमच्याकडे येता. कळव्यातून येता, दिव्यातून, किसननगरमधून, तिकडे दिघा, घणसोली, तुर्भ्यातून येता. मुलगी मागे उभी असते आणि कॉलेजांची नावं तुम्ही सांगता. "जवळचं टाका. सकाळचं टाका. बारापर्यंत घरी आली पाहिजे, धाकट्याला शाळेतून आणायचं असतं." तिला किती टक्के पडले, हे त्यानंतर विचारलं जातं. तिचा भाऊ दोन वर्षांनी दहावी होतो, तेव्हा मात्र तुमचा पहिला प्रश्न कटऑफचा असतो.

या अर्जाचा एक नियम आहे. पसंतीक्रमात दहा कॉलेजं लिहिता येतात, पण पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव बाहेर जातं. म्हणून ऐंशी टक्क्यांच्या मुलीच्या अर्जात पासष्ट टक्क्यांना बंद होणारं, विज्ञान शाखा नसलेलं घराजवळचं कॉलेज पहिलं लिहिलं की ते पहिल्याच फेरीत मिळतं आणि खालची नऊ नावं कुणी उघडूनही बघत नाही. तुमच्या लेखी ती एका वर्षाची सोय असते. तिच्यासाठी विज्ञान शाखा तिथेच संपलेली असते.

हा निर्णय आता आम्हाला मुकाट्याने टाइप करवत नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही संध्याकाळच्या अभ्यासिका चालवणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या बायका आहोत. आमच्यातल्या बहुतेक जणी आपापल्या घरात थोरल्याच. स्वतःच्या कहाण्या सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुमच्या घराच्या अडचणी आम्हाला माहीत आहेत. आई सातच्या आत कामावर निघते, वडील एमआयडीसीत पाळीवर किंवा वाशीच्या मार्केटला माथाडीत, गावाकडची माणसं सातारा-सांगलीला नाहीतर कोकणात. परवडणारं पाळणाघर वस्तीत नाही. पाळणाघरांबद्दल दोन्ही महापालिकांना जाब विचारायलाच हवा आणि आम्ही तो विचारतो. पण पाळणाघराची उणीव घरातल्या एकाच मुलाने भरून काढायची आणि ते मूल प्रत्येक वेळी थोरली मुलगीच असायचं, हे महापालिकेने ठरवलेलं नाही.

आमची पहिली तक्रार वेळेची आहे.

पाणी तास-दीड तास येतं. दोनशे लिटरचं पिंप पंधरा लिटरच्या बादलीने भरायला चौदा खेपा लागतात, आणि पंधरा लिटर म्हणजे पंधरा किलो. त्यात हंडे-कळशा वेगळ्या. एमआयडीसीचं पाणी एक दिवस बंद राहणार असेल तर दुसऱ्या दिवशीही दाब कमीच असतो, म्हणून साठा दोन दिवसांचा करावा लागतो. मग पाच माणसांच्या डब्यांच्या पोळ्या. पाऊण किलो कणकेच्या वीस-बावीस होतात आणि एका शेगडीवर त्यांना पाऊण तास लागतो. धाकट्याची आंघोळ, वेणी, दप्तर, शाळेची वेळ. दुपारी त्याला आणणं, जेवू घालणं, भांडी. संध्याकाळी दळण, भाजी, कुकर. सगळं धरलं तर शाळा-कॉलेजच्या दिवशी चार तास सहज होतात. भावाचा एक तास वजा करा. रोजचा फरक तीन तासांचा, वर्षाचा हजार तासांहून जास्त. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत दोन हजार तासांनी मागे राहिलेल्या मुलीला तुम्ही निकालाच्या दिवशी विचारता, "अजून थोडा जोर लावला असतास तर?"

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांची नोंद आहे. आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका-मुली त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, पुरुष-मुलगे 88 मिनिटं. हा फरक लग्नानंतर एकदम उगवत नाही. तो बारा वर्षांच्या मुलीच्या हातात हंडा दिला जातो त्या दिवशी सुरू होतो.

या तासांचं नुकसान कसं होतं तेही सांगतो, कारण ते सावकाश होतं आणि दिसत नाही. बारावी विज्ञानाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे सत्तर गुण लेखी आणि तीस प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिकं बहुतेक ठिकाणी तासांनंतर असतात, नेमकी धाकट्याला आणायच्या वेळी. लेखी अभ्यास रात्री जागून भरून काढता येतो. बुडलेलं प्रात्यक्षिक भरून निघत नाही, जर्नल अपुरं राहतं आणि सही अडते. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसण्यावरच प्रश्नचिन्ह येतं. मग तीच मुलगी स्वतःहून म्हणते, "मला सायन्स झेपत नाही." तुम्ही ते खरं मानता. आम्ही तिचं जर्नल पाहिलेलं असतं, आम्ही मानत नाही.

आणखी एक गोष्ट. भावाने ताट उचललं तर घरात म्हणतात, "आज मदत केली त्याने." तिने उचललेल्या ताटाला काही नाव नसतं. कायद्यातही जवळजवळ तसंच आहे. बालकामगारविरोधी कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. शाळेची वेळ सोडून मुलांनी कुटुंबाला हातभार लावणं त्या दुरुस्तीने चालवून घेतलं. त्यामुळे घरातल्या या कामाकडे बघायला बाहेरून कुणी येणार नाही. बघायचं ते तुम्हीच.

दुसरी तक्रार एका शब्दाबद्दल आहे. समजूतदार. "आमची मोठी फार समजूतदार, कधी काही मागत नाही." हे तुम्ही कौतुकाने आणि मनापासून म्हणता, याबद्दल शंका नाही. पण तिने सहलीचे पैसे मागितले नाहीत, कारण त्याच आठवड्यात भावाच्या क्लासचा हप्ता भरायचा होता हे तिला माहीत होतं. चष्म्याचा नंबर वाढलाय हे तिने सहा महिने सांगितलं नाही. मोठं मूल जन्मतःच जबाबदार असतं, हा समजही तपासला गेला आहे. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांवर माणसांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. जन्मक्रमाचा जबाबदारपणावर किंवा पडतं घेण्याच्या स्वभावावर परिणाम आढळला नाही. म्हणजे ही समजूत तिच्यात जन्माने आलेली नाही. "तू मोठी आहेस ना" हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकून ती शिकवली गेली आहे, आणि तेच वाक्य धाकट्याच्या वाट्याला कधी आलं नाही म्हणून तो शिकला नाही.

तिसरी तक्रार कागदपत्रांची आहे. इथे जरा थांबून वाचा, कारण हे ओझं तुमच्या पिढीत नव्हतं, त्यामुळे ते तुम्हाला ओझं वाटत नाही.

घरातल्या पाचही जणांच्या आधारला कुणाचा मोबाईल नंबर आहे, ते तपासा. बहुतेक घरांत तो थोरलीचा निघतो. गॅसची नोंदणी, विजेचं बिल, रेशनचं केवायसी, बँकेचा ओटीपी, धाकट्याच्या शाळेचा ग्रुप, सगळं तिच्या फोनवर. लाडकी बहीण योजनेसाठी आईचं ई-केवायसी करायचं, तर त्यात आईच्या आधारचा ओटीपी आणि वडिलांच्या आधारचाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, जातपडताळणी, भावाचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज हेही तीच करते. तिची परीक्षा चालू असताना ओटीपी येतो, दहा मिनिटांत मुदत संपते, फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. फोन बिघडला तर घर थांबतं. ती लग्न होऊन गेली तरी ओटीपी तिच्याच फोनवर येत राहतात आणि सासरी दुपारी फोन वाजला की तिला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं.

दवाखान्याचंही तसंच. वडिलांना मधुमेह आहे, गोळ्यांची नावं तिला पाठ, जुने रिपोर्ट कुठल्या पिशवीत ते तिला माहीत, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं हेही तिलाच माहीत. रात्री दोन वाजता बावीस वर्षांचा भाऊ घरात असतो आणि डॉक्टर विचारतात, "गोळी कुठली चालू आहे?" तेव्हा तो ताईला फोन लावतो.

चौथी तक्रार पैशाची. ही लिहायला अवघड आहे, कारण मुलीने घरी पैसे द्यायला आमचा विरोध नाही. कायदाही तिला आईवडिलांच्या पोषणातून सूट देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी आहे असं सांगितलं, आणि ते प्रकरण आपल्याच कल्याणमधलं होतं. ज्येष्ठ नागरिकांच्या पोषणाचा 2007 चा कायदाही मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. आमचं म्हणणं एवढंच की कर्तव्यात मुलगा-मुलगी समान आहेत, तर कागदावरही समान असू द्या.

ऐरोली-महापे पट्ट्यात कामाला लागलेल्या मुलीच्या हातात चोवीस हजार येतात असं धरा. दिव्याच्या फ्लॅटचा हप्ता नऊ, किराणा पाच, भावाची फी चार, वीज-गॅस दोन, तिचा पास, मोबाईल आणि डबा मिळून दोन. उरले दोन हजार. फ्लॅट घेताना बँकेला तिची सॅलरी स्लिप लागली, म्हणून ती सहकर्जदार झाली. सहकर्जदार म्हणजे पूर्ण कर्जाला तीही तितकीच बांधील, आणि ते पूर्ण कर्ज तिच्या सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जाच्या नोंदीवर, दिसतं. पण अग्रीमेंटवर नाव वडिलांचं, कधी भावाचं. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढून बघा, तिचं नाव सापडत नाही. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही नाही. हप्ता भरते ती, आणि नाव मालकांत नाही म्हणून त्या हप्त्यावरची आयकराची वजावटसुद्धा तिला मागता येत नाही. पुढे तिला स्वतःच्या घरासाठी कर्ज हवं असतं तेव्हा बँक सांगते, तुमच्यावर आधीच एक कर्ज आहे. भावाची बाइक आणि बहिणीच्या लग्नाचं पर्सनल लोन तिच्या नावावर असेल तर विचारूच नका.

घर घेताना आई आणि मुलगी अशा दोघींच्याच नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांच्या घराला चाळीस हजार वाचतात. अट एकच, घेणाऱ्यांत पुरुषाचं नाव नको. ही सवलत 2021 पासून आहे, आणि नोंदणीच्या आधी ती कुणी विचारत नाही.

याच तक्रारीचा दुसरा भाग गावाकडचा. आजोबांची जमीन, सातबारा, आणि मग एक दिवस समोर ठेवलेलं हक्कसोडपत्र. "बहिणीने सही केली की माहेर टिकतं." महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला. त्यासाठी 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. ज्या मुलीने दहा वर्षं घराचा हप्ता भरला, तिच्याकडूनच माहेर टिकवण्याची किंमत म्हणून सही मागणं आम्हाला सहन होत नाही. तिला वाटा सोडायचा असेल तर तिने आनंदाने सोडावा. पण कागद आदल्या रात्री वाचायला द्या. रजिस्ट्रार कचेरीच्या पायरीवर पेन पुढे करू नका.

पाचवी तक्रार लग्नाची, ती थोडक्यात. काही घरांत "तिचं झाल्याशिवाय पाठच्यांचं अडतं" म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षी घाई होते. काही घरांत पगार थांबेल म्हणून तिच्या स्थळांचा विषय तिशीपर्यंत टळत जातो. दोन्हींत तारीख ठरते ती धाकट्यांच्या सोयीने. लग्नानंतर ती माहेरी किती रक्कम देणार, हे बोलणी चालू असतानाच मुलाकडच्यांना आकड्यासकट सांगा. ते तिच्यावर सोडलं की पहिल्याच वर्षी दोन्ही घरं तिच्यावर रुसतात.

आणि सहावी. तुम्हा दोघांचं भांडण झालं की तिला मध्ये घेऊ नका. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला विचार, पैसे कुठे गेले." वडील पिऊन आले की आई धाकट्यांना आत नेते आणि तिला पुढे करते, कारण "ते तुझं ऐकतात." चौदा वर्षांच्या मुलीने बापाची समजूत घालायची नसते. अशा मुली अभ्यासिकेत पुस्तक उघडून तास-तासभर एकाच पानावर असतात. त्यांना आम्ही टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून देतो आणि लहान असतील तर मुलांच्या हेल्पलाइनचा 1098. हे क्रमांक तुम्हालाही ठाऊक असू द्या.

आता मागण्या.

या रविवारी जेवणानंतर एक वही घ्या. दुधाचा, भिशीचा, वाण्याचा हिशोब तुमच्याकडे आहेच. तिचा लिहा. सोमवार ते रविवार, घरातलं प्रत्येक काम, कोण करतं आणि किती मिनिटं. तिला लिहायला सांगू नका, नाहीतर तेही तिचंच काम होईल. वडिलांनी लिहावं. मग ती यादी वयाप्रमाणे वाटा. आठ वर्षांचं मूल स्वतःचा डबा घासू शकतं, अंथरूण घालू शकतं. दहाव्या वर्षी भाजी निवडणं, दळण आणणं, पाण्याचा नळ बघणं. बाराव्या वर्षी, मोठं माणूस जवळ असताना, कुकर: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. मुलगा असला तरी. पहिले पंधरा दिवस भात गिच्च होईल, पिंप अर्धं राहील, आणि ती न राहवून उठेल. तिला उठू देऊ नका. बहुतेक घरांत वाटणी याच पंधरा दिवसांत मोडते, कारण तिने केलं तर लवकर होतं.

तिची दहावी-बारावीची परीक्षा असेल त्या वर्षी रोजचे सलग तीन तास तिचे. त्यात हाक नाही. आठवड्यातून दोन दिवस पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणा. ठाण्यात दर दोन गल्ल्यांनंतर एक आहे.

घरातल्या प्रत्येकाच्या आधारला ज्याचा त्याचा नंबर जोडा. आधार केंद्रावर जाऊन अर्ध्या दिवसात काम होतं. एका पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये रेशनकार्ड, आधारच्या प्रती, दवाखान्याची कागदं आणि चालू गोळ्यांची यादी ठेवा, आणि ती फाइल पुढचं वर्षभर भावाने सांभाळावी. तिच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुमची नावं असतील तर लक्षात ठेवा, तिची नोकरी सुटली की ते संरक्षण सुटतं. वेगळी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ती आत्ताच घ्या आणि हप्ता सगळ्या कमावत्या भावंडांत वाटा.

ती ज्या कर्जाचा हप्ता भरते, त्या मालमत्तेवर तिचं नाव हवं. ते शक्य नसेल तर सहकर्जदार म्हणून तिची सही घेऊ नका. तिच्या पगारातली ठरावीक रक्कम, वर धरलेल्या चोवीस हजारांत किमान चार हजार, पहिल्या तारखेलाच तिच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड तिच्याकडेच राहू द्या.

अन्नसुरक्षा कायद्याने 2013 साली रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीचं नाव लावायला सांगितलं. ज्या घरात आई नाही आणि दुसरी मोठी बाई नाही, तिथे थोरली अठरा वर्षांची झाली की तिचं नाव वडिलांच्या जागी येतं. अशा वडिलांना आमची वेगळी विनंती आहे. कागदावर प्रमुख म्हणून तिचं नाव लावलंत, तर घरातला निर्णय घेतानाही तिला बसवून विचारा.

आणि फीचा मुद्दा काढणार असाल तर आधी हे बघा. राज्याने 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खाजगी विद्यापीठांना हे लागू नाही. "दोघांपैकी एकालाच इंजिनिअरिंग परवडेल" हे वाक्य बोलण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढा. तहसीलमधून तो यायला वेळ लागतो आणि जूनमध्ये रांग वाढते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच अर्ज टाका.

पुढच्या वेळी पसंतीक्रम भरायला याल तेव्हा आम्ही समोरच्या खुर्चीत तिला बसवणार आहोत. दहाही नावं ती सांगेल. तुम्ही शेजारी बसा, भाड्याचं, अंतराचं, काळजीचं जे असेल ते बोला, आम्ही ऐकू. धाकट्याला दुपारी शाळेतून कोण आणणार, ते मात्र घरूनच ठरवून या. अर्ज लॉक करायचं बटण तीच दाबेल.

आपल्या,
कळवा ते कोपरखैरणे पट्ट्यातल्या अभ्यासिकांमधल्या शिक्षिका आणि अर्ज भरून देणाऱ्या